पावसाचा नकाशा आला की आधी कडा वाचा: रंग, आकडे आणि शब्द एकत्र कसे लावायचे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ऑक्टोबर महिना, मेव्हण्याचं लातूरकडे सोयाबीन काढून झालेलं, शेतात सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) लावून ठेवलेली आणि मळणी यंत्र परवावर गेलेलं. सकाळी त्याने मोबाइलवर इशाऱ्याचा नकाशा बघितला, लातूर हिरवं होतं. हिरवं म्हणजे ओके असं धरून त्याने ताडपत्री शेजाऱ्याला दिली. रात्री दीड तास पाऊस झाला, सुडी खालपर्यंत भिजली, पुढच्या चार दिवसांत शेंगा काळ्या पडल्या आणि मोंढ्यात माल डागी म्हणून गेला. तो चिडून म्हणाला, हवामानवाले काहीही सांगतात. मी तोच नकाशा त्याच्याकडून मागून घेतला आणि त्याच्यासोबतचा मजकूर उघडून वाचला, तर त्यात लिहिलेलं होतं की तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. म्हणजे मजकुरात पाऊस होता, रंगात नव्हता, आणि आमच्या घरात फक्त रंग वाचला गेला.

तेव्हापासून मी याच्या मागे लागलोय. आमच्या घरच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर जूनपासून रोज डझनभर नकाशे येतात आणि बहुतेक लोक ते दोन सेकंदांत बघून निर्णय घेतात. म्हणून जे मला कळलंय ते सगळं एका जागी, पायरी पायरीने लिहितोय. लेख मोठा आहे पण जून यायच्या आधी एकदा वाचून ठेवा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, की आपण असं का करतो. स्क्रीनवर चित्र आणि मजकूर दोन्ही असले की डोळा आधी चित्राकडे जातो, त्यातही भडक रंगाकडे, आणि मजकूर वाचलाच तरी वरवर. २००६ मध्ये जेकब नील्सन यांनी नजरेचा माग काढणारं यंत्र वापरून लोक वेबपेज कसं वाचतात ते तपासलं, तर बऱ्याच वेळा डोळे इंग्रजी एफ अक्षरासारखे फिरताना दिसले, वरच्या एक-दोन ओळी आडव्या आणि मग डाव्या कडेने सरळ खाली. उजवीकडे तळाला काही महत्त्वाचं असेल तर तिथपर्यंत नजर क्वचितच पोचते. दुसरा एक अभ्यास २०१२ चा, तो मला जास्त हादरवून गेला. लोकांना प्रसिद्ध माणसांबद्दल विधानं दाखवली, की हा माणूस हयात आहे वगैरे, काहींसोबत त्या माणसाचा साधा फोटो होता, काहींसोबत नव्हता. फोटोत त्या विधानाचा काहीच पुरावा नव्हता, तरी फोटो असला की लोक विधान खरं म्हणण्याकडे जास्त झुकले. आता विचार करा, "उद्या ढगफुटी" एवढी एक ओळ आणि सोबत लालभडक नकाशा, मग तो नकाशा कशाचाही असो, आपलं काय होत असेल.

पायरी १: नकाशाच्या मध्यभागी बघूच नका, आधी चारी कडा वाचा

ही सवय लावायला मला महिनाभर लागला पण आता हात आपोआप जातो. नकाशा उघडला की दोन बोटांनी झूम करा आणि वरच्या कडेला शीर्षक, मग तारीख आणि वेळ, मग कोणत्या संस्थेचा लोगो आहे ते, आणि शेवटी रंगपट्टी (कुठला रंग म्हणजे काय हे सांगणारी ती छोटी चौकट). या चार गोष्टी कळल्याशिवाय आपला जिल्हा शोधायचाच नाही. एकदा जिल्हा लाल दिसला की पुढचं काही वाचायचं भान राहत नाही हो, माझंही राहत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो आणि सगळ्यात आधी रंगपट्टीतली बारीक अक्षरं जातात. अक्षरं लागत नसतील तर अंदाज करू नका, पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सरळ हवामान खात्याच्या मौसम वेबसाइटवर किंवा मौसम अ‍ॅपवर जाऊन मूळ बघा.

पायरी २: हा नकाशा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे साधारण चार जातीचे नकाशे फिरतात. इशाऱ्याचा नकाशा, तो पुढच्या दिवसांसाठी असतो आणि तो सांगतो धोका किती. अंदाजाचा नकाशा, तो सांगतो पाऊस किती ठिकाणी पडेल. पडलेल्या पावसाचा नकाशा, तो कालचा हिशोब. आणि सरासरीशी तुलना करणारा नकाशा, तो सांगतो की १ जूनपासून किंवा या आठवड्यात नेहमीपेक्षा किती कमी किंवा जास्त झाला.

इशाऱ्याच्या नकाशात चार रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हिरव्याचा अर्थ पुन्हा वाचा, इशारा नाही एवढाच अर्थ आहे, पाऊस नाही असा अर्थ नाहीये. हाच तो मेव्हण्याचा हिरवा.

आता तुलनेचा नकाशा घ्या. त्यात निळा म्हणजे सरासरीपेक्षा जास्त (गडद निळा ६० टक्के किंवा त्याहून जास्त, फिका निळा २० ते ५९ टक्के), हिरवा म्हणजे सरासरीच्या आसपास, १९ टक्के खाली-वर, लाल म्हणजे २० ते ५९ टक्के तूट, आणि पिवळा म्हणजे ६० ते ९९ टक्के तूट. दिसलं का काय झालं? एकाच खात्याच्या एका नकाशात लाल म्हणजे पावसाचा धोका आणि दुसऱ्यात लाल म्हणजे पाऊसच कमी. आणि या दुसऱ्यात पिवळा हा लालपेक्षा वाईट, तर इशाऱ्यात पिवळा लालपेक्षा सौम्य. मला मनापासून वाटतं हे बदलायला हवं, पण बदलेपर्यंत आपणच सांभाळून वाचायचं.

आमच्या काकांनी एका जुलैत मराठवाडा लाल दाखवणारा नकाशा "रेड अलर्ट, कोणी बाहेर पडू नका" असं लिहून ग्रुपवर टाकला. आत्या बीडहून येणार होती, तिने एसटीचं रिझर्व्हेशन रद्द केलं. तो तुलनेचा नकाशा होता, तिथे तीन आठवडे पाऊसच नव्हता, लोक दुबार पेरणीच्या चिंतेत होते आणि आम्ही त्यांना पुरापासून सांभाळा म्हणून मेसेज करत होतो. काकांची चूक म्हणायला जीव होत नाही, नकाशात लाल होताच.

ओळखायची सोपी खूण, रंगपट्टीत टक्के आणि वजाचं चिन्ह दिसलं की तो तुलनेचा नकाशा. लक्ष ठेवा, तयारीत राहा असे शब्द दिसले की इशाऱ्याचा.

पायरी ३: शब्दांना आकडे लावा

मजकुरातले शब्द बोलीभाषेतले वाटतात म्हणून आपण ते बोलीभाषेतच वाचतो, पण त्यांना ठरलेले आकडे आहेत. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. म्हणजे साठ मिमी पडला तरी तो कागदावर मध्यमच, आणि साठ मिमीत सुडीचं काय होतं ते आम्ही बघितलंय.

मिलिमीटर डोळ्यासमोर येत नसेल तर असं करा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक एकर साधारण ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे १०० मिमी पाऊस एका एकरावर जवळपास ४ लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. हे एकदा मुलांना सांगा, ते विसरत नाहीत.

अजून एक फसगत, बातम्यांत आणि खात्याच्या काही पत्रकांत आकडे सेंटीमीटरमध्ये असतात. "महाबळेश्वर १२" असं वाचून बारा मिमी वाटतं, ते बारा सेंटीमीटर असतं, म्हणजे १२० मिमी, म्हणजे अति मुसळधार. आकड्याच्या वर कुठेतरी एकक लिहिलेलं असतं, तेवढं शोधा.

किती पडेल याच्या जोडीला किती ठिकाणी पडेल याचे शब्द वेगळे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे साधारण २६ ते ५० टक्के, बऱ्याच ठिकाणी ५१ ते ७५, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याच्याही पुढे. "तुरळक ठिकाणी अति मुसळधार" हे वाक्य मग नीट कळतं, की बहुतेकांकडे इतका पडणार नाही पण ज्याच्याकडे पडेल त्याच्याकडे बेदम पडेल. लोक तुरळक हा शब्द ऐकतात आणि तुरळक पाऊस असं समजतात, तुरळक हे जागांबद्दल आहे, पावसाबद्दल नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मुंबईचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. एक शहर, नकाशावर बोटाच्या टोकाएवढं. कुलाब्याच्या माणसाला खिडकीतून बघून उपनगरात काय चाललंय याची कल्पनाच येणं शक्य नव्हतं.

आणि रंग थेट मिलिमीटरवरून ठरतो असंही नाही, किती पडेल, पडण्याची शक्यता किती आणि त्याचा परिणाम काय होईल हे सगळं बघून रंग देतात. म्हणून रेड दिला आणि आमच्याकडे शंभरच पडला, अशी तक्रार करण्याआधी मजकुरात शक्यता काय लिहिली होती ते बघा.

पायरी ४: दिवस कुठे सुरू होतो?

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३०. त्यामुळे "१४ तारखेचा पाऊस ९० मिमी" म्हणजे बहुतेक वेळा १३ च्या सकाळपासून १४ च्या सकाळपर्यंतचा. इशाऱ्यातला पहिला दिवसही असाच सकाळी साडेआठला संपतो. पहाटे चारला पाणी घरात शिरलं तर ते आदल्या दिवसाच्या इशाऱ्यात धरलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

उपग्रहाच्या चित्रावर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ०६३० लिहिलं असेल तर दुपारचे १२, ०९०० असेल तर अडीच. लोक ०९०० बघून सकाळचे नऊ समजतात, चित्र जुनं आहे, ढग एव्हाना निघून गेले असं मानून कपडे वाळत घालतात.

पायरी ५: जिल्ह्याचा रंग तुमच्या गावाचा असेलच असं नाही

पुणे जिल्हा घ्या. लोणावळा, मुळशी, ताम्हिणी एकीकडे आणि बारामती, इंदापूर, दौंड दुसरीकडे. घाटमाथ्यावर कोसळत असतो तेव्हा इंदापूरला ऊन पडलेलं असतं. जिल्हा एकाच रंगात रंगवला की दोन्हीकडची माणसं फसतात, घाटातला म्हणतो पिवळाच तर आहे, इंदापूरचा म्हणतो नारंगी होता, थेंब नाही. म्हणून आता पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट, नाशिक घाट असे वेगळे इशारे दिलेले असतात. फॉरवर्डमध्ये मात्र नुसतं "पुण्याला रेड अलर्ट" एवढंच उरतं. घाट हा शब्द गळला की शहरातल्या शाळांच्या ग्रुपवर उद्या सुट्टी का म्हणून शंभर मेसेज.

पायरी ६: ढगांची चित्रं, रडार आणि ते फिरणारे रंगीत बाण

ही तीन चित्रं दिसायला एकसारखी जिवंत वाटतात पण तिघांची जात वेगळी आहे.

उपग्रहाच्या चित्रात रात्रीही ढग दिसतात कारण ते इन्फ्रारेडमधलं, म्हणजे उष्णता टिपणारं असतं, त्यात ढगाचा माथा जितका थंड तितका तो पांढरा. थंड म्हणजे उंच. पण उंच ढग म्हणजे पाऊसच असं नाही, वर पसरलेला पातळ ढगही पांढराशुभ्र दिसतो आणि खाली थेंब पडत नाही. उलट कोकणात आणि घाटात पावसाळ्यात बरेचदा कमी उंचीचे ढगच धो धो पडतात आणि ते चित्रात मळकट करडे दिसतात. रत्नागिरीचा माणूस म्हणतो इथे छत्री उलटी होतेय आणि चित्रात तर काहीच नाही, त्याचं कारण हे.

रडारचं चित्र खरंच पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींचं असतं, म्हणून पुढच्या एक-दोन तासांसाठी ते सगळ्यात कामाचं. रंगपट्टीत डीबीझेड असतं (परतलेल्या लहरींचा जोर मोजायचं एकक), २० च्या आसपास हलका, ४० च्या पुढे जोरदार, ५० च्या वर गेलं तर गाराही असू शकतात. एकच चित्र बघू नका, मागची चार-पाच चित्रं सलग बघा, मग पट्टा कुठून कुठे सरकतोय ते कळतं. रडारपासून लांब जाल तशी त्याची लहर जमिनीपासून वर वर जाते, दोनशे किलोमीटरवर ती चारेक किलोमीटर उंचीवरून जात असते आणि सह्याद्री मध्ये आला तर अडतेही. म्हणून लांबच्या गावावर काही दिसलं नाही तर पाऊस नाही असं नाही समजायचं.

आणि विंडीसारख्या अ‍ॅपवरचे सुंदर फिरणारे रंग, ते हे दोन्ही नाही. ते कॉम्प्युटर मॉडेलचं गणित आहे, पुढे काय होईल याचा हिशोब, कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेला फोटो नाही. मॉडेल बदललं की चित्र बदलतं, स्वतः बदलून बघा, दहा दिवसांनंतरचं वादळ एका मॉडेलमध्ये मुंबईला आणि दुसऱ्यात ओमानकडे गेलेलं दिसेल. तीन-चार दिवसांपलीकडचं चित्र कुणी पाठवलं तर मी ते पुढे पाठवत नाही. आणि तिथे वाऱ्याचा वेग बरेचदा नॉट्समध्ये असतो, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, होडी काढणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पायरी ७: फॉरवर्ड आला तर

तारीख दिसते का, आणि तारखेसोबत वार लिहिला असेल तर तो जुळतो का ते कॅलेंडरवर बघा, जुना नकाशा तारीख बदलून फिरवला की वार बदलायचा राहून जातो. कडा कापलेल्या असतील तर विश्वास ठेवू नका, कडा कापल्या की नकाशात उरतो फक्त रंग. पुराचा फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, दुसऱ्या राज्यातला, पाच वर्षांपूर्वीचा निघतो कितीदा तरी. मग मूळ बुलेटिन उघडा आणि फॉरवर्डमधलं वाक्य त्यात आहे का शोधा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, शेतीच्या सल्ल्यासाठी मेघदूत, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी नवीन सल्ला येतो. हे फोनमध्ये आधीच टाकून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर रेंज जाते.

पायरी ८: तुम्ही पाठवताना

नुसता नकाशा कधीच पाठवू नका. माझ्या एका मावसभावाला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, हे आम्हाला तो तिशीत गेल्यावर कळलं, इतकी वर्षं तो ग्रुपवरचे नकाशे बघून फक्त अंगठा टाकत होता. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात, त्यांचा फोन चित्रावर येऊन नुसतं "फोटो" म्हणतो. आजीला अक्षरं बारीक पडतात. या सगळ्यांसाठी नकाशाच्या खालीच, त्याच मेसेजमध्ये, वेगळ्या मेसेजमध्ये नाही, पाच गोष्टी टाइप करा: कोणी सांगितलं, कधीपासून कधीपर्यंत, कुठे, किती आणि किती ठिकाणी, आणि आपण काय करायचं. वेगळ्या मेसेजमध्ये टाकलं की कुणीतरी फक्त चित्र उचलून पुढे ढकलतं आणि शब्द मागेच राहतात. जमलं तर तेच वाचून एक व्हॉइस नोट टाका.

हे लिहिताना तुम्हाला स्वतःलाच कळतं की नकाशा समजलाय की नाही. पाचपैकी एखादी जागा भरता आली नाही तर परत पायरी एकला जा.

यंदा मेव्हण्याने काढणीच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज जसाच्या तसा देतो: "हवामान खातं, आज दुपारचं बुलेटिन. आजपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंत. लातूर जिल्हा, रंग हिरवा. तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम, म्हणजे ६४ मिमीपर्यंत पडू शकतो. सुडी झाकली आहे, ताडपत्रीवर दगड ठेवलेत, नितीनने पण झाकून घ्यावी."